एकाच फायलीचं कुलूप

“आमी लिवायचं आन् ह्या डब्यानं गिळायचं! वर आमालाच इसराळू म्हणायचं!”

अरुणा स्क्रीनकडं बघत पुटपुटली. अंजना तिच्या टेबलाखाली वायर चाचपत बसली होती. दोघींत हातभराचंही अंतर नव्हतं, त्यामुळं ऐकलंच नाही असं सोंग घ्यायची सोय उरली नव्हती. तरी तिनं ते घेतलं आणि वायर अजून एकदा चाचपली.

२००३ सालातला शनिवार होता. शिरोली एमआयडीसीतल्या तात्यासोंच्या फौंड्रीत दर दीड तासाला भट्टी ओतली जायची, आणि प्रत्येक ओतीची नोंद दोन टोकांना व्हायची. भट्टीपाशी दादासो तापमान टाकायचा, अंगणापलीकडच्या लॅबमध्ये अरुणा कार्बन-सिलिकॉनचे आकडे. फाईल मात्र एकच. ती ऑफिसातल्या मोठ्या मशीनवर असायची आणि दोघांची मशीनं वायरीवरून तीच उघडायची.

प्रोग्रॅम अंजनाचा. टायपिस्ट म्हणून लागलेली ही कसबा बावड्याची बाई. मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरची लिनक्स सिस्टीम घालून, रद्दीतली पुस्तकं वाचून सगळं शिकली होती. कारखान्यात कम्प्युटरच्या बाबतीत तिच्या शब्दापुढं कुणी जात नसे, आणि तिलाही ते आवडत नव्हतं असं नाही.

तीन महिने अरुणाच्या नोंदी मधूनच गायब व्हायच्या. तपासणीची नोंदच नाही म्हणून पुण्याच्या गिऱ्हाइकानं चाळीस नग परत पाठवले. तात्यासोंनी अंजनाला विचारलं, तेव्हा ती ताठ मानेनं म्हणाली होती, “नोंद पुसली जाणं शक्यच नाही. एकानं फाईल उघडली की कुलूप लागतं. दुसऱ्याला थांबावंच लागतं.” झालं. अरुणाच विसरते असं ठरलं आणि बारा वर्षं लॅब सांभाळलेल्या अरुणाला सोमवारपासून पॅकिंगला जायचं फर्मान निघालं. जयसिंगपूरहून रोज येणारी ही बाई, घरी अजून बोललीसुद्धा नव्हती.

अंजना टेबलाखालून वर आली. “कुठली ओत गेली?”

“आत्ताची! तुमच्या डोक्यावर खडाखडा बडवली की. ऐकलं न्हाय व्हय?”

ऐकलं होतं. ‘सेव्ह झालं’चा टुंग आवाजसुद्धा ऐकला होता. अंजनानं फाईल उघडली. दादासोचं तापमान होतं. अरुणाची ओळ नव्हती.

तिनं फाईल मिटून पुन्हा उघडली. तसंच. आणि खरं सांगायचं तर तिला चहाला यावी तशी उकळीच आली. जे शक्य नाही ते डोळ्यांसमोर घडलं होतं!

“दादासोऽऽ!” तिनं दारातनं हाळी दिली. “मशीनशी बस! फाईल उघड, पण सेव्ह करू नको!”

“उघडली, आक्का!” अंगणापलीकडून भट्टीच्या घरघरीवर आवाज चढवत तो ओरडला.

“अरुणा, आता तू उघड.”

अरुणाचं मशीन थांबायला हवं होतं. ते क्षणभरही थांबलं नाही. फाईल उघडली.

“उघडली की वो,” अरुणा हळूच म्हणाली.

“दादासो, कुलूप मिळालं म्हणतंय तुझं मशीन?”

“मिळालंय म्हणतंय!” पलीकडून हाक आली.

“आणि अरुणा, तुझं?”

“माझं बी.”

एका फायलीला दोन कुलपं! अंजना साडीचा पदर खोचून ऑफिसकडं पळाली. चाळिशी उलटल्यावर ती अंगणातनं अशी कधी पळाली नव्हती. वाळू चाळणारी धोंडुबाई म्हणाली, “बाई गं, आग लागली का काय?”

“लागली!” अंजना हसत ओरडली.

पुस्तकात शोधायला तिला पाऊण तास लागला. तिनं मागितलेलं कुलूप कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, आपल्या मशीनपुरतंच लावत होता. लॅबचं कुलूप लॅबमध्ये, भट्टीचं भट्टीपाशी. ज्या मशीनवर फाईल होती त्याला दोन्हींची खबर नव्हती. आणि तिनं तपासलं होतं ते आपल्या टेबलावर, एकाच मशीनवर दोन खिडक्या उघडून. तिथं ते चोख चालायचंच! दोघांनी एकदम उघडली की दोघांकडं फायलीची जुनी प्रत, शेवटी जो सेव्ह करेल त्याचं राहायचं. दादासो एका बोटानं टाइप करायचा, म्हणून नेहमी शेवटी. अरुणाचा हात चपळ, म्हणून नेहमी तिचंच पुसलं जायचं.

कुलपाची आणखी एक जात होती. ते मागितलं की कर्नल वायरीवरून मोठ्या मशीनला ‘घेऊ का?’ विचारायचा आणि होकार येईतो गप बसायचा. अंजनानं चार ओळी बदलल्या, मोठ्या मशीनवर कुलपं सांभाळणारी सेवा चालू केली आणि पुन्हा लॅबकडं पळाली.

“दादासो, उघड! अरुणा, तू बी!”

अरुणाच्या स्क्रीनवर अक्षरं उमटली: थांबा, फाईल दुसरीकडं उघडी आहे.

“थांबलं!” अरुणा खुर्चीतनं उठलीच. “आक्का, थांबलंय!”

“दादासो, सेव्ह कर!”

“करायलोय की! बोट एकच हाय!”

त्यानं सेव्ह केलं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत लॅबमध्ये फाईल उघडली, दादासोच्या ताज्या ओळीसकट. खाली अरुणानं आपली टाकली. दोन्ही राहिल्या. दहा वेळा केलं, दहाही वेळा राहिल्या. दादासो भट्टी सोडून नाचत आला, धोंडुबाई चाळण घेऊनच आली.

गलका ऐकून तात्यासो आले. अंजनानं सगळं सांगितलं. मशीन, वायर, कर्नल, दोन जातींची कुलपं. इतक्या भराभर सांगितलं की मध्ये कुठंच ‘मी’ आला नाही.

“म्हणजे कम्प्युटरचा दोष,” तात्यासो सुटकेनं म्हणाले. “अरुणा, सोमवारी लॅबलाच ये. मिटलं.”

“मशीनच ते, चुकायचंच की,” दादासो पायाकडं बघत म्हणाला.

“वायरीचं काय सांगावं,” धोंडुबाईनंही भर घातली.

सगळ्यांनी अंजनाकडं बघायचं टाळलं. तिनंही मान डोलावली. किती मऊ वाट होती ती! ओठांवर ‘नेटवर्कमुळं’ हा शब्द आलाही होता.

अरुणा मात्र हसत नव्हती. आत्ताच परत मिळालेल्या टेबलावर हात टेकून ती उभी राहिली.

“मशीन न्हाय चुकलं, तात्यासो,” ती म्हणाली. “अंजनाक्का चुकल्या. आन् मी खरं सांगत असताना तुमी समद्यांनी मला खोटं पाडलं.”