ताईचे चाळीस आयसी

खोटं बोलण्यात माझा हात धरणारा आमच्या अख्ख्या कारखान्यात कोणी नव्हता. आम्ही वॉशिंग मशीनचे सर्किट बोर्ड बनवतो आणि मी तिथला खरेदीवाला. महासाथीच्या दुसऱ्या वर्षी नखाएवढा, आठ पायांचा एक आयसी, म्हणजे चिप, जगातून गायब झाला. तो बनवणारा कारखाना बंद, पॅक करणाऱ्या देशाचं बंदर बंद, आणि जिथे माल पडून होता तिथे कंटेनर नाहीत. मग आम्ही खरेदीवाल्यांनी काय दिवे लावले? लागतात तीन हजार, तर पाच डीलरांकडे प्रत्येकी तीन-तीन हजार मागवले! आधी देईल त्याचा माल घ्यायचा, बाकीच्यांना टांग मारायची. सगळ्या जगाने हाच शहाणपणा केला, म्हणून टंचाई आणखी वाढली. शिवाय आमचा एक नियम: असला तरी आहे म्हणायचं नाही. एकाला दिलं की दहा जण दारात.

माझ्या कपाटात तेव्हा तीन रिळं होती, म्हणजे नऊ हजार आयसी. किल्ली माझ्या खिशात.

अशात ताईचा फोन आला. ताई, माझी थोरली बहीण, विजेवर चालणाऱ्या व्हीलचेअरचे कंट्रोलर बनवायची. घराच्या पुढच्या खोलीत चार टेबलं, हाताखाली तीन बायका, बस्स. सोल्डरिंग मला तिनेच शिकवलेलं.

"बाळ्या, दोनशे आयसी हवेत रे. पन्नास खुर्च्या अडकल्यात. या महिन्यात दिल्या नाहीत तर ऑर्डर जाईल आणि वर्कशॉपला कुलूप लागेल."

मी कानांवर हात ठेवले. "ताई, तुझी शपथ, एक नाही! आमचीच लाईन बंद पडायची वेळ आलीय. साहेब माझी नोकरी खाणार आहेत."

एवढं पाल्हाळ लावायची काय गरज होती? नाही म्हणून गप्प बसायचं की! पण डीलरांशी बोलून बोलून मेली जीभच तशी वळायला लागली होती.

चार दिवसांनी कुरिअरने एक डबी आली. आत स्पंजमध्ये ओळीने टोचलेले चाळीस आयसी आणि ताईच्या अक्षरातली चिठ्ठी. ‘जुन्या बोर्डांवरचे काढलेत. पाय सरळ केलेत, एकेक तपासलाय. माझं एवढ्याने भागत नाही, तुझी नोकरी तरी वाचू दे.’

त्याच क्षणी रीळ घेऊन धावत सुटायला हवं होतं. पण गेलो असतो तर खोटं उघडं पडलं असतं. लाज झाकायला मी आणखी निर्लज्जपणा केला. वापरलेला माल आमच्या लाईनवर चालत नाही, म्हणून डबी भंगारात टाकली आणि ताईला फोन केला, "अगदी देवासारखी धावून आलीस बघ!" काय ही जीभ! झडली कशी नाही?

पुढच्या महिन्यात ताईचं वर्कशॉप बंद झालं. ती एका गोदामात पॅकिंगला जाऊ लागली.

वर्षभराने सगळ्यांनी जास्तीचा मागवलेला माल एकदम येऊन कोसळला. आयसींना कुत्रं विचारेना. साहेब म्हणाले, "हवं तर ने एखादं रीळ." मी कपाट उघडलं. ती तीन रिळं अजून तशीच होती, पुढे नवी येऊन पडलेली. जुना माल आधी काढायचा, ही आमच्या हाताची सवय. सगळ्यात मागचं रीळ घेतलं आणि ताईच्या सुट्टीच्या दिवशी तिच्याकडे गेलो. चारांतलं एकच टेबल उरलं होतं, त्यावर ती इस्त्री करत होती.

"ताई, तीन हजार आहेत! पुन्हा सुरू कर."

तिचा चेहरा खुलला. रीळ हातात घेऊन तिने धंद्यातल्या माणसासारखं आधी लेबल वाचलं. त्यावर आमच्या स्टोअरचा निळा शिक्का होता, माल आल्याच्या तारखेचा. तो माझ्या डोक्यातच आला नव्हता.

"हे तर मी फोन केला, त्याच्या आधीच्या महिन्यात आलंय."

तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

"नव्हते द्यायचे तर नव्हते द्यायचे, बाळ्या. धंदा मलाही कळतो. पण मग माझे चाळीस का ठेवून घेतलेस? तेवढ्यात दहा खुर्च्या झाल्या असत्या. दहा माणसं तरी घराबाहेर पडली असती रे. कुठायत ते?"

"भंगारात टाकले," मी म्हणालो.

ताईने रीळ माझ्या पिशवीत परत ठेवलं आणि इस्त्री उचलली.