तातडीचा शिक्का

मी एक जुना शिक्का आहे, मित्रांनो, आणि आज मला तुमच्याशी जरा वैतागूनच बोलायचे आहे. माझी मूठ लाकडाची, तळाला रबर आणि रबरावर एकच शब्द, 'तातडीचे'. ज्या कारागिराने मला घडवले, त्याने हा शब्द उलटा कोरताना दोनदा चूक केली आणि दोन तुकडे फेकून दिले. इतक्या मेहनतीचा शब्द पुढे असा उधळला जाईल, असे त्या बिचाऱ्याला वाटलेही नसेल.

माझी नेमणूक लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कार्यालयात झाली. तिथे फोनवर तक्रार आली की चिठ्ठी लिहायची आणि ती साहेबांकडून ताईंच्या टेबलावर जायची. ताई म्हणजे तिथल्या सगळ्यांत जुन्या कारकून. कोणता मिस्त्री कुठे पाठवायचा, ते त्या ठरवत. पहिल्या साहेबांचा नियम साधा होता. लिफ्टमध्ये माणूस अडकला असेल, तरच मला हात लावायचा. महिन्यातून दोन-तीनदा मी लाल शाईत बुडायचो. मी कागदावर उमटलो की ताई हातातला घास ठेवून उठत आणि मिस्त्री जिन्यावरून धावत सुटत. "याच्यामुळे माणसं सुटतात हो," असे शिपाईकाका मला पुसताना म्हणायचे. काय दिवस होते ते!

मग ते साहेब निवृत्त झाले आणि नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण घाबरट होता. वरून कोणी विचारले तर आपले काही राहिलेले दिसू नये, म्हणून कामाच्या दिसेल त्या चिठ्ठीवर ते मला आपटत. दाराची कडी कुरकुरते, तातडीचे. चहाचे नवे कप हवेत, तातडीचे. भिंतीवरचे घड्याळ दोन मिनिटे मागे आहे, तेही तातडीचे! दिवसाला ऐंशी-ऐंशी वेळा माझे तोंड लाल व्हायचे. ज्या कागदावर मी नाही, मग तो कुणाचा अर्ज का असेना, तो साहेब बघतच नसत. ज्यावर मी आहे, तो न वाचताच सही करून पुढे ढकलत. आता याला काय म्हणायचे, तुम्हीच सांगा.

ताईंच्या मात्र नाकी नऊ आले. पूर्वी लाल अक्षर दिसले की त्यांच्या छातीत धस्स व्हायचे आणि माणूस सुटला की त्या हसायच्या. आता ते धस्स दिवसभर थांबायचे नावच घेईना. डबा न उघडताच घरी जाऊ लागला. मान आखडली, झोप उडाली. एकदा त्या पाण्याच्या ग्लासावरून शिपाईकाकांवर ओरडल्या आणि मग स्वतःच रडवेल्या झाल्या.

डॉक्टरांनी त्यांना बजावले, "रक्तदाब फार वाढलाय. आठ दिवस सुट्टी घ्या, नाहीतर मलाच तुम्हाला दवाखान्यात झोपवावं लागेल." ताईंनी अर्ज दिला. तो बिनशिक्क्याच्या कागदांत पडला. दुसरा दिला, तिसरा दिला. मी साहेबांच्या हाताशी आणि अर्ज माझ्याच समोर गठ्ठ्याखाली दबत चाललेला. मला ओरडता आले असते, तर मी सगळे कार्यालय डोक्यावर घेतले असते!

त्यातच एका दुपारी खरोखरच एक आजी लिफ्टमध्ये अडकल्या. त्यांची चिठ्ठी कपांच्या आणि घड्याळाच्या चिठ्ठ्यांखाली गेली. सगळ्याच लाल, मग ओळखायची कशी? ताईंच्या हाती ती पाऊण तासाने लागली. आजी सुखरूप बाहेर आल्या, पण साहेब कडाडले, "ताई, लक्ष कुठे असतं तुमचं? शिक्का मारून दिला होता ना मी!"

ताईंनी पुढची चिठ्ठी ओढून घेतली. साहेब जेवायला गेल्यावर शिपाईकाका हळूच म्हणाले, "ताई, एक बोलू? तुमच्या अर्जावर लाल काहीच नाही. साहेबांना तो दिसणार कसा?"

इतक्या वर्षांत ताईंनी मला स्वतःसाठी कधी उचलले नव्हते. त्यांनी चौथा अर्ज लिहिला, मला शाईत बुडवले आणि दोन्ही हातांनी दाबले. आजींच्या चिठ्ठीनंतर मी पुन्हा एकदा खरे बोललो. साहेबांनी सवयीप्रमाणे न वाचताच सही केली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारले, "ताई कुठायत?"

शिपाईकाकांनी अर्ज पुढे धरला. "तुम्हीच सही केलीय, साहेब. तातडीचं होतं."

मग चिठ्ठ्या साहेबांनाच लावाव्या लागल्या. तिसऱ्या दिवशी त्यांचाही डबा तसाच परत गेला. आठ दिवसांनी ताई आल्या तेव्हा ते ओशाळून म्हणाले, "हे सगळं कसं जमवत होतात तुम्ही?"

"जमत नव्हतं, साहेब. मी तोंडाने सांगितलं नाही आणि तुम्ही विचारलं नाहीत. आता प्रत्येक चिठ्ठीला एवढंच विचारू. हे आज नाही झालं, तर कुणाचं काय बिघडेल?"

कपांवाचून कुणाचे काहीच बिघडत नव्हते. मी पुन्हा ड्रॉवरमध्ये गेलो.

मित्रांनो, कृपा करून दिसेल त्या कामावर मला आपटू नका. आणि जीव मेटाकुटीला आला असेल, तर चौथ्या अर्जापर्यंत थांबू नका. पहिल्यांदाच मोठ्याने सांगा. आता माझे रबर बरेचदा कोरडेच असते. दुपारी एक वाजता ड्रॉवरबाहेर ताईंच्या डब्याचे झाकण उघडल्याचा आवाज येतो. तो ऐकायला मिळत असेल, तर मी जन्मभर कोरडा राहीन.