आईची सही चालत नाही

व्हर्नेल मिडोज सकाळी सकाळी शिलाई मशीन कडेवर घेऊन फॉन्टेनोच्या जामिनाच्या दुकानात शिरली. फी घेऊन कैद्यांना जामीन राहायचं हे दुकान तुरुंगाच्या अगदी समोर. लुइझियानातल्या त्या गावात चर्चखालोखाल गर्दी तिथेच. तिचा मुलगा एमरी मारामारीपायी आत होता. सोमवारी कामावर दिसला नाही, तर कोळंबीच्या कारखान्यातली नोकरी जाणार आणि बायको-लेकरू उघड्यावर पडणार.

"हे काय आणलंत, मिस व्हर्नेल?" फॉन्टेनोने चष्म्यावरून बघत विचारलं.

"तारण. तुमची फी चर्चने दिलीय. तारणाला माझ्याकडे एवढंच आहे."

"एमरी तारखेला आला नाही, तर जामिनाची सगळी रक्कम कोर्टात मी भरायची. ती काय झबली शिवून भरू?"

"गाडी होती माझी..."

"ठाऊक आहे. मीच विकली ना!"

गेल्या वर्षी सही व्हर्नेलची होती आणि तारण तिची गाडी. तारखेच्या दिवशी चिरंजीव ह्यूस्टनला मित्राकडे घोरत पडले होते. तेव्हापासून ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला पायी जायची. एमरी परतला, त्या रात्री मात्र तिने त्याला पोटभर जेवू घातलं होतं.

"म्हणजे तो आतच राहणार?"

"असं कुठे म्हणालो? तारण नसलं तर माणूस चालतो. पगारपाणी असलेला, भरवशाचा. त्याने सही करायची."

"मग द्या कागद इकडे. पगार आहे मला, आणि आई आहे मी त्याची!"

"म्हणूनच नको. या दुकानात आईची सही चालत नाही."

"अहो, आईपेक्षा जवळचं कोण असतं?"

"जवळचं नकोच आहे मला. पळताना कुणी आईचा विचार करत नाही. आई काय, रडते आणि माफ करते. एमरीला ज्याला तोंड दाखवायची भीती वाटते, असं नाव सांगा."

हे सगळं तिच्या डोक्यावरून गेलं. कायद्याला माया नको, धाक हवा? पास्टर? त्यांच्याशी तर एमरी डॉमिनो खेळायचा आणि वर लबाडीही करायचा. मग एक नाव आठवलं आणि तिचं तोंडच कडू झालं. तिची विहीण, ओझेला. लग्नात या बाईने व्हर्नेलच्या गम्बोच्या रश्श्याला चारचौघांत पाणी म्हटलं होतं. तेव्हापासून बोलणं बंद.

तिने फोन लावला.

पोस्टातून निवृत्त झालेली, पेन्शनवाली ओझेला हॅट घालून आली. कागदाची ओळन् ओळ वाचली. "याला सोडवायला मी? व्हर्नेल, डोकं फिरलंय का तुझं?"

"माझी सही चालत नाही म्हणतात."

"का?"

"मी माफ करते म्हणून."

ओझेलाने तिच्याकडे प्रथमच नीट पाहिलं. "मला तो रोग नाही," ती म्हणाली आणि पेन ओढलं.

दुपारी एमरी बाहेर आला. धावत येऊन आईच्या गळ्यात पडला. "ठाऊक होतं मला, तू सोडवणारच!"

"मी नाही रे. ओझेलाने सही केली."

त्याचे हात सुटले. समोर गाडीत ओझेला काच खाली करून बसली होती. एमरीने घाईघाईने शर्ट आत खोचला.

"तारीख कधी आहे?" त्याने विचारलं.

जन्मात त्याने हे कधी विचारलं नव्हतं. व्हर्नेलला आनंद झाला, आणि त्याच क्षणी रडूही आलं. इतकी वर्षं आपण याला दिलं तरी काय, तिला काही कळेना. ती मशीन कडेवर घेऊन तशीच उभी राहिली. तो तिच्या आधी गाडीपाशी पोचलाही होता.

"अरे ए!" ओझेला आतून कडाडली. "ते धूड काय तुझ्या आईने उचलायचं?"

एमरी उलट्या पावली धावत आला. "राहू दे रे बाळा, मी घेते," व्हर्नेलच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि मशीन त्याच्या हातात दिलं.