तीन सोडून

धनुबाईंनी दोधूपुढे पाण्याचा तांब्या असा आदळला की अर्धं पाणी त्याच्या बुटांवर सांडलं.

"पाव्हना दोन घंटापासून बठेल शे, आनि आमना मास्तर वहीमाइन मुंडकं काढत नही. असा आंडोर पदरमा पडना मन्हा!"

दोधू त्यांच्या सुनेचा भाऊ. सारंगखेड्याहून निरोप घेऊन आला होता. चहासुद्धा घेतला नव्हता त्याने. घोड्यांच्या यात्रेत धनुबाईंची नात चारू तापीत बुडाली, त्याला दोन वर्षं होत आली. सून रूपाली तेव्हापासून माहेरीच होती आणि नवऱ्याला एकच गोष्ट विचारत होती. पोर पाण्यात उतरली, तेव्हा तुमची नजर कुठे होती? आज तिने शेवटचं विचारलं होतं. उत्तर आलं नाही, तर ती परतणार नव्हती.

धनुबाई आतल्या खोलीत गेल्या. त्यांचा लेक चंदन शहाद्याच्या शाळेत गणित शिकवायचा. पलंगाखाली सोळा वह्या भरून पडल्या होत्या आणि प्रत्येकीच्या माथ्यावर तोच आकडा. चारूचा जन्मदिवस आणि मरणाचा दिवस, सलग लिहिलेला. ९०७२०१५२९१२२०२३.

"हाऊ कसानीच भागावत नही, माय," तो मान वर न करता म्हणाला. "भागाना का मी जासू रूपालीकडे."

हे त्या कधीपासूनच्या ऐकत होत्या. आपल्या पोराचं डोकं किती मोठ्या कामात गुंतलंय, हे गावभर तोऱ्यात सांगतही होत्या. आज पहिल्यांदा त्यांनी वही उघडली. दोन आणि पाच खोडलेले. मग सात. अकरा. तेरा. पुढे पानंच्या पानं भागाकार.

"तीननी काय घोडं मारं तुन्हं?"

चंदनची पेन्सिल थांबली.

धनुबाईंची शाळा दुसरीतच सुटलेली. हिशेब पडताळायचा नवाचा ताळा तेवढा तिथून हाताला लागला होता. त्या पलंगाच्या कडेवर टेकल्या आणि अंगठ्याने बोटांची पेरं मोजू लागल्या. नऊ नि सात सोळा. अठरा. एकोणीस. चोवीस. शेवटच्या तिनापाशी पंचेचाळीस झाले. चार नि पाच नऊ. पुन्हा मोजलं. पुन्हा नऊच. नवाने भाग जातो, त्याला तिनाने जातोच.

"हाई तर तू पाचवीना पोरेसले शिकाडस."

चंदनने पाय पलंगाखाली ओढून घेतले.

"पहिला दिनलेच माहीत व्हतं तुले."

त्याने हळूच मान हलवली. मग ओठ उघडले. "माय, तवय मी—"

"माले नको सांगू. जिनी इचारं, तिले सांग."

बाहेर दोधू गाडीला किक मारत होता. धनुबाईंनी खुंटीवरचा शर्ट काढून लेकाच्या मांडीवर टाकला.

"घाल, आनि बठ त्यान्हा मांगे. पन आयकी ले, चंदन. मरेल पोरना आड दोन वरीस लपना तू."