त्याच्या मापाची

मोडलेल्या हाडाचा एक्स-रे काढताना माणसं कण्हतात, नाहीतर देवाचं नाव घेतात. त्या सकाळी आलेल्या माणसाने मात्र एवढंच विचारलं, "पुन्हा सायकल कधी चालवता येईल?"

"ते डॉक्टर सांगतील," एक्स-रे काढणारी बाई हसून म्हणाली. पण तो प्रश्न दिवसभर तिच्या डोक्यातून जाईना. चाळिशी ओलांडली होती, आणि गेली वीसेक वर्षं ती सायकलवर बसली नव्हती.

एके काळी ती आणि तिचा दादा पहाटे सायकली काढायचे. दादा पुढे, ती त्याच्या मागोमाग, मैलोन् मैल. मग एकदा ती तापाने घरी पडलेली असताना एका उतारावर दादाला ट्रकने उडवलं. आईने दोन्ही सायकली देऊन टाकल्या. त्यानंतर घरात त्या विषयावर कुणी चकार शब्द काढला नव्हता.

तो विषय तिने त्या संध्याकाळी काढला. "आई, मी सायकल घेतेय."

भाजी निवडणारे आईचे हात थांबले नाहीत. जन्मभर शिवणयंत्रावर बसलेली बाई. हात चालू ठेवूनच तिने सगळं गिळलं होतं. निवडलेली भाजी बाजूला सारत तिने विचारलं, "दुकानात कधी जायचंय?"

"तू कशाला?"

"मी येणार."

दुकानदार बोलघेवडा होता. त्याने आधी कार्बनची सायकल दाखवली, एका हाताने उचलता येईल अशी. किंमत ऐकून आई म्हणाली, "एवढ्या पैशांत ही स्वयंपाकही करते का?"

"परवडेल असं दाखवा," लेक म्हणाली. "मला शर्यतीत नाही उतरायचं. वाकड्या हँडलची, रस्त्यावर सरळ पळणारी हवी, बस."

"मग जुनी घ्या. मागे दोन आहेत."

मागच्या भिंतीला एक लाल सायकल टेकवलेली होती. ती पाहून लेक जागीच थबकली. दादाची होती त्याच कंपनीची, तोच रंग.

"हीच."

"ताई, फ्रेम मोठी पडेल तुम्हाला," दुकानदार म्हणाला. तरी त्याने सीट पार खाली घेतली. ती बसली. हँडल गाठायला तिला पुढे ताणावं लागत होतं, आणि ब्रेकला बोटांची जेमतेम टोकं पोचत होती.

"होईल सवय."

आई पुढे आली. "दाब बरं ब्रेक."

बोटं निसटली.

"उतर."

"आई, अगं पण ही…"

"दिसतंय मला. मला काय आठवत नाही?" आईने हँडल धरलं. "ती त्याच्या मापाची आहे, तुझ्या नाही. बेमापाचं अंगावर घालून मी कधी गिऱ्हाईकाला बाहेर सोडलं नाही, आणि तुला सोडू?"

दुकानदार उगाचच एक चेन पुसत राहिला. लेक उतरली. लाल सायकल तिने स्वतःच पुन्हा भिंतीला लावली, पण हँडलवरचा हात काढायला तिला वेळ लागला.

दुसरी सायकल करड्या रंगाची होती. स्टीलची, थोडी जड, जागोजागी रंग खरवडलेला. ती मात्र अंगाला बसली. कोपर सहज वाकत होते, ब्रेक दोन बोटांत येत होते. दुकानदाराने ब्रेकचे रबर आणि टायर नवे घातले. "इथे काटकसर नको," तो म्हणाला.

आई फुटपाथवर उभी राहिली. "जा, आणि मी म्हटलं की थांब."

लेक निघाली. पहिल्या काही पायडलांना हँडल लटपटलं, मग सरळ झालं.

"थांब!"

ती थांबली.

"पुन्हा. आणखी जोरात ये."

येणारेजाणारे बघायला लागले. आईला त्याची फिकीर नव्हती. पुन्हापुन्हा ती ओरडली, आणि दर वेळी सायकल जागच्या जागी थांबली. शेवटच्या वेळी आईला ओरडताच आलं नाही. तिने नुसता हात वर केला. लेक थांबली, सायकल धरूनच तिच्यापाशी आली, आणि त्या दोघी रस्त्याच्या कडेला रडल्या. दादा गेल्यापासून एकत्र रडल्या त्या पहिल्यांदाच.

"मी बसने येते," शेवटी आई म्हणाली. "तू हिच्यावर ये."

लेक आधी पोचली. घरी न जाता ती स्टॉपवरच थांबली. एक बस गेली, दुसरी गेली, आई दिसेना; ती टाचा उंचावून रस्त्याकडे बघत राहिली. तिसऱ्या बसमधून आई दांड्याला धरून सावकाश उतरली.

"किती उशीर, आई!"

"असंच वाटतं वाट बघताना," आई म्हणाली, आणि पदराने लेकीच्या कपाळावरचा घाम टिपला.