कोण कुठे?

घरातला जुना लाइटचा बोर्ड बदलायचाच, हे मी शिक्षण संपवून हॉस्टेलमधून परत आले त्याच आठवड्यात जाहीर केलं, आणि जाहीर केलं म्हणजे अक्षरशः भांडून पदरात पाडून घेतलं. पुढच्या खोलीत दाराच्या वर तो काळपट लाकडी बोर्ड होता, त्यावर चिनी मातीचे पिवळट फ्यूज दातांसारखे ओळीनं बसवलेले, आणि इस्त्री चालू असताना कुणी गिझर लावला की त्यातला एखादा हमखास जळायचा. मग बाबा स्टूल ओढणार, चष्मा कपाळावर चढवणार आणि एखादी शस्त्रक्रिया करावी तशी नवी तार बांधत बसणार.

पण त्याआधी एक प्रकार असायचा. आमचं घर लांबट, एकामागे एक खोल्या आणि मधून बिनखिडकीचा बोळ. भर दुपारीसुद्धा दिवा लावल्याशिवाय तिथं हात दिसत नाही. मी लहान असताना बाबांनी असाच एकदा फ्यूज बसवला, तेव्हा आईचा हात आत नेमका मिक्सरच्या सोललेल्या वायरीवर होता. ती वाचली, पण त्या दिवसापासून नियम झाला. लाइट गेली की बाबा बोर्डापाशी उभे राहून ओरडणार, "कोण कुठे?" आई सांगणार, "मी ओट्याशी!" शेवटच्या खोलीतून मी सांगणार, "मी खोलीत, बाबा!" दोघींची उत्तरं आल्याशिवाय फ्यूज जागेवर बसत नसे.

"नव्या बोर्डाला हे नाटक लागत नाही," मी म्हणाले. "कुणाला शॉक बसतोय असं दिसलं की तो आपोआप बंद होतो."

"बरोबर आहे तुझं," बाबा म्हणाले. "पण चाललंय ना आपलं?"

"‘चाललंय’ म्हणूनच या घरात काही चालत नाही, बाबा!"

"हिच्या जिभेला आधी एक फ्यूज बसवून घ्या," आई आतून म्हणाली.

वायरमन आला तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. त्यानं स्टुलावर चढून मेन स्विच खाली ओढला, फ्रिजची घरघर थांबली, बोळात अंधार झाला, आणि बाबांनी, जे माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते, मान किंचित बोळाकडे कलती करून हाक दिली, "कोण कुठे?"

"मी ओट्याशी!" आईचा आवाज आला.

वायरमननं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, फार वाईट नव्हे, पण होतं. माझे कान तापले. बाबा तर माझ्याकडे पाहतही नव्हते. मी शेजारी टॉर्च धरून उभी असताना ते बोळाच्या टोकाकडे कान लावून थांबले होते.

"बाबा, गप्प बसा ना जरा! लोक हसतात," मी म्हणाले, आणि वाहनं थांबवावीत तसा तळहात त्यांच्यासमोर धरला. वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखा त्यांचा चेहरा झाला. मला तेव्हाच स्वतःची लाज वाटली. लाज वाटली तरी मी हात खाली घेतला नाही.

आणि मग आतून, शेवटच्या खोलीतून आवाज आला, "मी खोलीत, बाबा!"

आवाज माझा होता. रेकॉर्ड केलेला स्वतःचा आवाज ऐकताना जरा परका वाटतो, तितकाच परका. फक्त त्यात चिडचिड नव्हती.

"हं, करा आता सुरू," बाबा म्हणाले.

"आत दुसऱ्या ताई आहेत का?" वायरमननं विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

"हो," बाबा म्हणाले.

मी टॉर्च घेऊन धावत आत गेले. खोलीत माझी अर्धवट उपसलेली बॅग होती, उघडं कपाट होतं, आणि पलंगाच्या चादरीवर कुणी बसून उठल्याची खळगी होती, जी माझीही असू शकत होती. तिथून मी तडक स्वयंपाकघरात गेले. आई ओटा पुसत होती.

"मी हॉस्टेलला असताना लाइट गेली की काय करायचे बाबा?"

"काय करायचे म्हणजे? लाइट काय तू यायची वाट बघत थांबणार होती?"

"उत्तर कोण द्यायचं?"

"कुणाचं?"

"माझं, आई."

ती ओट्याचा तोच कोपरा पुन्हा पुसत म्हणाली, "तूच की."

नवा बोर्ड उत्तम चालला. पांढरी पेटी, पारदर्शक झाकण, आत काळे खटके. इस्त्री, गिझर, काहीही एकदम लावा, दिवा लुकलुकतसुद्धा नव्हता. बाबांनी एकदाही तक्रार केली नाही, आणि मला तेच सोसवेना. चहा घेऊन ते त्या पेटीखाली खुर्ची टाकून बसायचे, मुकाट, बंद पडलेल्या फोनपाशी कुणी बसावं तसे. माफी मागायला मी तिथवर जायचे आणि खुर्ची भिंतीला घासते म्हणून त्यांच्यावर खेकसून परत यायचे. खोलीचं दार लावून मी तो सूरही लावून पाहिला. "मी खोलीत, बाबा." शब्द माझेच, वर्षानुवर्षांच्या सवयीचे, पण तसे ते माझ्या तोंडून निघेनात.

मग एका दुपारी मी बाहेरून लवकर आले. दार उघडंच होतं. नव्या पेटीसमोर बाबा पाठमोरे उभे होते, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी स्वतःच्या हातानं मेनचा खटका खाली केला. बोळ काळा झाला.

"कोण कुठे?" त्यांनी हळूच विचारलं.

"मी ओट्याशी," आई म्हणाली, रोजचंच असल्यासारखी.

ही वेळ माझी होती. सगळा ताठा गिळून, जमेल तितक्या मऊ आवाजात मी म्हणाले, "मी इथं आहे, बाबा. तुमच्या मागं."

त्यांनी वळून पाहिलं नाही. फक्त एक हात मागं करून तळहात माझ्यासमोर धरला, त्या दिवशी मी धरला होता तसाच, आणि मान बोळाकडे कलती करून ते थांबले. मीही थांबले. उत्तर येऊ नये, एवढंच मागत होते मी.

"मी खोलीत, बाबा!"

माझ्या उत्तराला कधी हलवली नव्हती तशी त्यांनी समाधानानं मान हलवली, आणि खटका वर केला.