जवळचा आवाज

नीलकंठरावांनी देवासच्या शाळेत उभा जन्म भूगोल शिकवला, तोही हिंदीतून, आणि निवृत्त होईपर्यंत समुद्र काही पाहिला नाही. तटीय मैदान, ज्वार-भाटा, खाडी, सगळं फळ्यावर खडूनं काढलेलं. मुलं पास होत गेली, सरांचं पाहायचं राहून गेलं. म्हणून लेक ऋजुताचं लग्न रत्नागिरीच्या मुलाशी लागलं, तेव्हा मांडवात सगळे डोळे पुसत होते आणि हे गृहस्थ मनातल्या मनात तिथल्या भाट्ये गावच्या किनाऱ्यावर जाऊन पोचले होते. हे त्यांनी विश्वासानं बायकोला सांगितलं, आणि बायकोनं ते अख्ख्या कॉलनीला सांगितलं.

बायको म्हणजे कमल, माहेर धारचं. तिचं बोलणं हा त्या घरातला जुना वादाचा विषय होता. नीलकंठरावांच्या घराण्यात कधीकाळी दरबारची कारकुनी होती, त्यामुळे दरबार गेले तरी भाषेची ऐट शिल्लक होती. कमल वाढली धारच्या बाजारात. तिच्या एकाच वाक्यात मराठी, हिंदी आणि माळवी अशा तिघी सुखानं नांदायच्या. नीलकंठराव चुका काढायचे, ती हसून पुढचं वाक्य सुरू करायची. गप्प बसणं मात्र तिला ठाऊक नव्हतं.

निवृत्तीनंतर त्यांनी कॅमेरा घेतला. ब्रिज कॅमेरा म्हणतात त्याला. लेन्स बदलायची भानगड नाही. एकच लेन्स, पण झूमचं बटण दाबलं की नळी लांब होत जाते आणि पार तिकडची होडी अंगणात आल्यासारखी दिसते. दर थंडीत दोघं लेकीकडे जाऊन राहायची आणि रोज सकाळी भाट्याला जायची. सकाळीच, कारण ऊन चढलं की लांबचं सगळं वाफेत थरथरायला लागतं. नीलकंठराव सुरूच्या झाडांपुढे ट्रायपॉड रोवायचे. कमल शेजारी फडकं घेऊन उभी, खारे शिंतोडे उडाले की लेन्स पुसायला. कुरव पक्षी, जाळी ओढणारे लोक, परतणाऱ्या होड्या, रोज तेच आणि रोज नवं. दोघांच्या संसारातले ते सगळ्यात सुखाचे दिवस असावेत. तसं कुणी तेव्हा म्हटलं नाही, हे आपल्या लोकांच्या रीतीला धरूनच झालं.

एक गोष्ट मात्र भूगोलाच्या मास्तरांच्या ध्यानात उशिरा आली. हा कॅमेरा चित्र लांबून ओढून आणतो, आवाज मात्र जवळचाच घेतो. चित्रात मैलभर आतली होडी, आणि कानाशी शेजारी उभी असलेली कमल.

ते कळलं देवासच्या मराठी मंडळात, गणपतीच्या दिवसांत. सरांनी केलेली समुद्राची फिल्म मोठ्या पडद्यावर दाखवायची ठरली होती. इस्त्रीचा सदरा घालून ते पहिल्या रांगेत बसले. दिवे मालवले. पडद्यावर एक होडी लाटेच्या माथ्यावर चढली, आणि सभागृहात कमलचा आवाज घुमला, "अगंबाई, डुबते का काय! अरे भिया, संभाल के!"

लोक खदखदून हसले. कोळ्याला ऐकू जाणं शक्य नव्हतं, पण म्हणून कमलनं त्याला सावध करायचं सोडलं नव्हतं. पुढच्या दृश्यात नुसतं पाणी होतं. "घणं पाणी आहे हो! आमच्या क्षिप्रेला थोडं देऊन टाकलं तर काय बिघडते याचं?" आता तर टाळ्या पडल्या. पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या देवासला तो समुद्र त्या एका वाक्यानं आपला वाटला. कमलही पदर तोंडाला लावून हसत होती. बाहेर पडताना मंडळातल्या सुमंगलाबाई म्हणाल्या, "सर, समुद्र छानच, पण मजा आणली ती वहिनींनी."

हे कौतुक होतं. कुणालाही कळलं असतं. नीलकंठरावांचे मात्र कान तापले. आपण सूर्योदय दाखवला आणि लोक बायकोच्या बोलीला हसले, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं. शिकलेल्या माणसाच्या डोक्यात एकदा काही बसलं की ते उठवायला कोण जाणार!

त्यांनी कॉम्प्युटरवर एकेक व्हिडिओ उघडला, त्याचा आवाज पुसला आणि वर बासरी घातली. मूळ आवाजाच्या जुन्या फायली जागा खात होत्या, त्याही काढून टाकल्या. पुढच्या थंडीत भाट्यावर ट्रायपॉड रोवता रोवता त्यांनी नियम सांगितला, "रेकॉर्डिंग चालू असताना एक अक्षर बोलायचं नाही."

"बरं. नाही बोलणार," कमल म्हणाली.

ती खरंच बोलली नाही. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला की ती दूर वाळूवर जाऊन बसायची, फडकं मांडीवर घेऊन. दिवा विझला की उठून यायची. हळूहळू दिवा विझल्यावरही ती कमीच बोलू लागली. व्हिडिओ मात्र फार सुंदर झाले. मंडळात दाखवले तेव्हा लोकांनी शांतपणे पाहिले आणि चहाला गेले.

गेल्या भाद्रपदात, सकाळी चहाचं आधण ठेवता ठेवता, कमल ओट्यापाशी कोसळली. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

वर्षश्राद्धाला ऋजुता लेकीला घेऊन आली. विधी झाले, गुरुजी जेवून गेले, छोटी चिऊ आतल्या खोलीत झोपली. ऋजुता वडिलांजवळ येऊन बसली. "नाना, मला आईचा आवाज हवाय. चिऊला आजीचा चेहरा आठवतो, आवाज विसरत चाललीय ती. आणि खरं सांगू? मीही."

"तुझ्याकडे नाही?"

"फोनवर रोज बोलायचो, ते कुणी साठवून ठेवतं का? लग्नाच्या व्हिडिओत तर सगळ्यावर सनई आहे. पण तुमच्याकडे असेल ना. समुद्रावर ती केवढी बडबडायची!"

"आहे ना. हवा तेवढा," नीलकंठराव म्हणाले, आणि कॉम्प्युटर लावायला उठले. खोटं बोलत नव्हते ते. त्या क्षणी त्यांना खरंच तसं वाटलं. इतकी वर्षं जो आवाज कानाशी होता तो कुठेतरी असणारच, हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

त्यांनी पहिला व्हिडिओ लावला. होडी लाटेवर चढली. बासरी. दुसरा लावला. नुसतं पाणी, आणि बासरी. कमल कुठे काय म्हणाली होती ते त्यांना शब्दन् शब्द पाठ होतं. पडद्यावर ती ती जागा येत होती आणि बासरीत बुडून जात होती. तिसरा, चौथा. ऋजुता आधी उत्सुकतेनं पाहत होती, मग त्यांच्या तोंडाकडे पाहू लागली.

"आईचा आवाज कुठे गेला, नाना?"

"मी पुसला," ते म्हणाले. "मला तिच्या बोलण्याची लाज वाटायची."

ऋजुतानं पुढे होऊन बासरी बंद केली. ती रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. मग तिनंच विचारलं, "कॅमेऱ्यात काही उरलंय का?"

कमल गेल्यापासून कॅमेरा कपाटातून निघाला नव्हता. बॅटरी चार्ज होईपर्यंत दोघं त्याच्यासमोर बसून राहिली, दवाखान्याबाहेर बसतात तशी. कार्डावर शेवटच्या थंडीतला एकच व्हिडिओ होता. तो नीलकंठरावांनी कधी उघडलाच नव्हता, कारण तो त्यांनी काढलेला नव्हता. कमलनं काढला होता.

व्हिडिओ सुरू झाला. कॅमेरा जरा हलत होता. दूर, पाण्याच्या कडेला एक ठिपका. मग झूम पुढे जात गेला आणि ठिपक्याचे नीलकंठराव झाले. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, वाकून शिंपले वेचत होते. वारा ऐकू येत होता. बांगड्यांचा आवाज आला. आणि अगदी जवळ, श्वास.

"आईच," ऋजुता पुटपुटली आणि तिनं कान कॅमेऱ्याजवळ नेला.

पडद्यावर नीलकंठरावांच्या पाठीमागून लाट येत होती. मोठी होती. त्यांना दिसत नव्हती, कमलला दिसत होती. चित्र थरथरलं. तिनं श्वास आत ओढल्याचं स्पष्ट ऐकू आलं. आता ती ओरडणार म्हणून दोघंही पुढे वाकली. लाट आली, नीलकंठरावांना पाडून गेली. ते धडपडत उठले, भिजलेले, चष्मा सावरत. कमलच्या तोंडून शब्द निघाला नाही. रोखलेला श्वास तेवढा सुटला.

नीलकंठरावांना तो दिवस आठवला. त्या दिवशी ते तिच्यावर चिडले होते. "लाट दिसत होती तर हाक मारायला काय झालं होतं? लोकांच्या होड्यांना ओरडून सांगतेस!" आणि कमल त्यांचं डोकं फडक्यानं पुसत म्हणाली होती, "रेकॉर्डिंग चालू होतं ना."

ते वाक्य कुठेच रेकॉर्ड झालेलं नव्हतं.

कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ओल्याचिंब माणसानं मान वर केली. बायको आपल्याला टिपते आहे हे त्याला कळलं. लांबूनच त्यानं ओठांवर बोट ठेवलं, गप्प राहा म्हणून.

"अरे, बोलू दे रे तिला," नीलकंठराव त्या माणसाला म्हणाले. "बोलू दे. एक शब्द तरी बोलू दे."

बोट ओठांवरच होतं, आणि व्हिडिओ तिथेच संपला.